पुंगळी कशी उडते : विश्रांतवाडीतल्या नवशिक्यांसाठी प्राथमिक मार्गदर्शिका

पात्रता

ज्यांनी पिस्तूल कधी हातात धरलेलं नाही, पुढेही धरण्याची शक्यता नाही, पण पिस्तुलाबद्दल ज्यांची मतं ठाम आहेत, अशा नागरिकांसाठी ही मार्गदर्शिका आहे. आपल्याकडे अशा नागरिकांची टंचाई नाही. सकाळी आठला आळंदी रस्त्यावरच्या कुठल्याही टपरीवर उभं राहा. पेपरात ‘एक पिस्तूल व दोन जिवंत काडतुसे जप्त’ अशी बातमी असली, की कटिंग संपायच्या आत त्या पिस्तुलाची बनावट, पल्ला, भाव आणि ते कुठल्या राज्यातून कुठल्या गाडीनं आलं हे सगळं सांगणारा गृहस्थ तिथे असतोच. त्याला मध्येच तोडून एवढंच विचारायचं : काका, गोळी पुढे गेली हे कळलं, पण पुंगळी बाहेर कोणी काढली?

काका म्हणतील, “ती आपोआप पडते.”

या ‘आपोआप’मध्ये काय काय घडतं, ते पुढे येईल. विश्रांतवाडीकराला ते माहीत नसणं तसं शोभत नाही. एका बाजूला लोहगावचा हवाई दलाचा तळ. दिघीकडे डीआरडीओची आर अँड डी ई ही संस्था (ती लष्करासाठी पूल आणि तत्सम सामान बनवते, पिस्तुलं नव्हे, शंका घेऊन तिच्या गेटवर जाऊ नये). पाषाणला एआरडीई, जिथे खरोखरच बंदुका आणि तोफा जन्माला येतात. आणि होळकर पूल ओलांडला की खडकी. तिथला दारूगोळा कारखाना १८६९ सालचा. २०२१ मध्ये देशभरच्या आयुध निर्माणींच्या सात कंपन्या झाल्या, तेव्हा हा कारखाना म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे गेला आणि त्या कंपनीचं मुख्यालयही पुण्यातच आलं. या कारखान्याच्या काडतुसाच्या बुडावर ‘के एफ’ ही इंग्रजी अक्षरं ठोकलेली असतात : किर्की फॅक्टरी. साहेबाच्या जिभेला खडकी जमली नाही आणि ती किर्की पितळेवर कायमची कोरली गेली. बिहारमधल्या असो वा मध्य प्रदेशातल्या, कुठल्याही पोलीस ठाण्याचा पंचनामा वाचा. ‘पाठीमागे केएफ ७.६५ असे लिहिलेले एक काडतूस’ हे वाक्य तुम्हाला भेटेल. आपल्या शेजारच्या गावाचं नाव इतक्या पंचनाम्यांत आहे, याचा अभिमान बाळगावा की काय करावं, हे ज्याचं त्यानं ठरवावं.

साहित्य

काडतूस एक. त्याचे भाग चार : पुढे गोळी, मागे पितळेची पुंगळी, पुंगळीत दारू, बुडाला मधोमध टोपी. बातमीत ‘गोळ्या सापडल्या’ असं आलं, तर ती काडतुसं होती, नुसत्या गोळ्या होत्या की रिकाम्या पुंगळ्या, हे वार्ताहरालाही बहुधा ठाऊक नसतं. तुम्ही ते विचारायचं आणि चहाचे पैसे काकांना द्यायला लावायचे.

पिस्तूल एक, पण मनातल्या मनात. प्रत्यक्षात लागेलच म्हणणाऱ्यांनी शस्त्र अधिनियम १९५९, शस्त्र नियम २०१६ आणि पोलीस आयुक्तालय या क्रमानं जावं आणि सोबत भरपूर आयुष्य घेऊन जावं. ९ मिलिमीटरचं पिस्तूल सर्वसामान्याला मिळतच नाही, ते प्रतिबंधित बोअर आहे. परवानेधारकाच्या वाट्याला येतं ते .३२, म्हणजेच पंचनाम्यातलं ७.६५. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला दोनच शस्त्रं ठेवता येतात आणि वरातीत हवेत बार काढला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. लोहगाव, धानोरीकडच्या लॉन्सवर लग्न असणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा एकदा वाचावं.

कृती

लहानपणीची टिकल्यांची बंदूक आठवा. गुंडाळी भरायची, चाप ओढायचा, की घोडा टिकलीवर आपटायचा आणि त्याच ओढीत पुढची टिकली वर सरकायची. सगळं काम बोटाचं. म्हणून दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी बोट दुखायचं. खऱ्या पिस्तुलात पुढची टिकली वर सरकवायचं काम मागची टिकलीच करते. सगळी गंमत इथेच आहे, बाकीचा तपशील.

तपशील असा. चाप ओढला की ताणून धरलेला घोडा सुटतो, फायरिंग पिनवर आदळतो आणि पिन टोपीला टोचते. टोपीतलं मिश्रण पेटतं, त्याची ज्योत दारूला लागते. ९ मिलिमीटरच्या काडतुसात ही दारू अर्धा ग्रॅमही नसते. पण तिचा वायू होताना आतला दाब हवेच्या दाबाच्या दोन हजार पटींवर जातो. गोळी पुढे निघते.

आता पुंगळीकडे बघा, कारण तिचं पहिलं काम बाहेर पडणं हे नाहीच. तिनं आत घट्ट बसायचं असतं. दाबानं पितळ फुगतं, चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसतं त्या कप्प्याच्या, भिंतीला चिकटतं आणि मागे वायू गळू देत नाही. दाब ओसरला की ते केसभर आक्रसतं आणि सुटं होतं. फुगायचं आणि पुन्हा आवरतं घ्यायचं, ही दोन्ही कामं वेळेवर करणारा धातू हवा, म्हणून सत्तर टक्के तांबं आणि तीस टक्के जस्त. धातूवाले त्याला काडतुसाचं पितळ याच नावानं ओळखतात.

गोळी पुढे ढकलली गेली म्हणजे तेवढाच धक्का मागेही बसला. हे न्यूटननं सांगून ठेवलं आहे आणि आपण शाळेच्या परीक्षेत लिहूनही आलो आहोत. तो धक्का पूर्वी नेमबाजाच्या मनगटात, नाही तर खांद्यात जिरायचा. १८८४ च्या सुमाराला हायरम मॅक्झिमला सुचलं की हा धक्का फुकट का घालवायचा, त्याच्याकडूनच बंदूक भरून घेऊ. त्यातून मशीनगन आली. तीच कल्पना हातात मावेल अशी करायचं श्रेय मुख्यतः जॉन ब्राउनिंगचं. हा अमेरिकेतल्या ऑग्डेन गावचा, बंदुका दुरुस्त करणाऱ्याचा मुलगा. पिस्तुलाची वरची लांबट पेटी, जिला सगळे स्लाइड म्हणतात, तीच मागे सरकायला लावायची, ही त्याची युक्ती.

थोडा हिशेब करू, कागद नको. गोळी साधारण आठ ग्रॅमची. स्लाइड आणि नळी मिळून अर्ध्या किलोच्या आसपास, म्हणजे साठेक पट जड. तेव्हा गोळी नळीतून दहा सेंटिमीटर धावेपर्यंत स्लाइड मागे सरकते किती? जेमतेम दोन मिलिमीटर. म्हणजे गोळी नळीतून बाहेर पडते तेव्हा पुंगळी अजून चेंबरमध्येच असते. सिनेमाच्या पोस्टरवर एका बाजूनं गोळी आणि दुसऱ्या बाजूनं पुंगळी एकाच क्षणी निघालेली दाखवतात. तसं कधी होत नाही. पुंगळी उडायला लागते तोवर गोळीनं जे काही करायचं ते बहुधा करून झालेलं असतं.

मात्र या दोन मिलिमीटरपुरतं सगळं बंद राहायला हवं. दाब असताना चेंबर उघडलं, तर मोकळी झालेली पुंगळी फाटेल. .३२ च्या कमी ताकदीच्या काडतुसाला स्लाइडचं वजन आणि स्प्रिंगचा जोर एवढं पुरतं, कुलूप लागत नाही. ९ मिलिमीटरला लागतं. ब्राउनिंगच्या रचनेत नळीच्या पाठीवरचे उंचवटे स्लाइडच्या आतल्या खाचांत अडकलेले असतात. दोघं काही मिलिमीटर हातात हात घालून मागे जातात. मग नळीखालच्या तिरक्या खाचेमुळे नळीचा मागचा भाग खाली ओढला जातो, उंचवटे खाचांतून सुटतात, नळी थांबते आणि स्लाइड एकटीच पुढच्या प्रवासाला निघते. पुढच्या म्हणजे मागच्या. आपल्या लष्करानं आणि पोलिसांनी वर्षानुवर्षं वापरलेलं, बंगालमधल्या इशापूरच्या रायफल कारखान्यात बनणारं ९ मिलिमीटरचं ‘वन ए’ पिस्तूल याच घराण्यातलं. मूळ ब्राउनिंग हाय पॉवर, १९३५ सालचं, मॅगझिनमध्ये तेरा काडतुसं. ब्राउनिंग १९२६ मध्येच गेला होता. ते पुरं केलं बेल्जियमच्या दियुदोने सैव्ह यानं.

आता ज्यासाठी आपण जमलो आहोत तो क्षण. पुंगळीच्या बुडाशी सभोवार एक बारीक खोबण असते. स्लाइडच्या उजव्या अंगाला बसवलेली एक नखी, म्हणजे एक्स्ट्रॅक्टर, त्या खोबणीत अडकलेली असते. स्लाइड मागे जाते, नखी पुंगळीला चेंबरमधून खेचते. गरम पितळ मागे मागे येतं. आणि एकदम त्याच्या बुडाची डावी कड एका लोखंडी टोकावर आपटते. हे टोक म्हणजे इजेक्टर.

इजेक्टर काहीही फेकत नाही. तो सांगाड्याला पक्का केलेला असतो, जागचा हलत नाही. स्लाइड हलते, नळी कलते, घोडा पडतो, स्प्रिंग आवळते, पुंगळी धावत येते; एवढ्या धावपळीत हा गृहस्थ नुसता आडवा उभा. पुण्यात जन्मला असता तरी चाललं असतं. पण त्याच्या उभं राहण्यामुळेच काम होतं. उजवी कड नखीनं धरलेली, डावी कड त्याच्यावर आपटलेली, मग पुंगळी नखीभोवती गर्रकन फिरते आणि स्लाइडच्या उजवीकडच्या खिडकीतून गरगरत दोन-तीन मीटरवर जाऊन पडते. कोन थोडा बदला, नखीचं टोक जरा झिजू द्या, तर ती भलतीकडे उडेल किंवा उडणारच नाही.

स्लाइड मागे जाता जाता घोडा पुन्हा ताणून ठेवते आणि स्प्रिंग आवळते. स्प्रिंग तिला पुढे लोटते, येताना ती मॅगझिनच्या तोंडाशी आलेलं काडतूस चेंबरमध्ये ढकलते, नळी वर उचलली जाते, कुलूप लागतं. पापणी लवायच्या आत. इतकं सगळं आपण होऊन झालं, तरी पुढची गोळी सुटत नाही. आत डिस्कनेक्टर नावाचा एक चिमुकला तुकडा चाप आणि घोडा यांची गाठ सोडवून ठेवतो. बोट सैल करून चाप पुन्हा ओढाल तेव्हाच ती गाठ पुन्हा बसते. भरणं यंत्राचं, झाडणं माणसाचं, म्हणून सेमी-ऑटोमॅटिक. ‘एकदा दाबलं की सुटतच राहतात’ असं काका म्हणाले, तर ते दुसऱ्या कुठल्या तरी हत्याराबद्दल बोलत आहेत.

सामान्य चुका (मालिकालेखकांसाठी विशेष)

गोळ्या संपल्यावर खलनायक चाप ओढत राहतो आणि ‘खट खट खट’ आवाज येतो. आधुनिक पिस्तुलात शेवटची पुंगळी उडाली, की रिकामं मॅगझिन एक खटका वर उचलतं आणि स्लाइड मागेच अडकून राहते. पिस्तूल उघडं पडलेलं नायकाला समोरून दिसतं. प्रसंगातला सगळा ताण गेला, पण यंत्राला त्याची पर्वा नाही.

नायक धमकी देताना दर दोन वाक्यांनी स्लाइड खेचतो. पहिल्यांदा ठीक. दुसऱ्यांदा खेचल्यावर तीच नखी आणि तोच इजेक्टर आपलं काम करतात, चेंबरमधलं न झाडलेलं काडतूस बाहेर फेकतात. लांबलचक भाषण करणाऱ्या नायकाच्या पायाशी संवाद संपेपर्यंत अख्खं मॅगझिन पडलेलं असायला हवं.

निरीक्षक साहेब खोलीत शिरतात, रुमालात पुंगळी उचलतात आणि म्हणतात, “रिव्हॉल्व्हर!” इथे टीव्ही बंद करावा. रिव्हॉल्व्हर पुंगळ्या पोटात ठेवतं, हातानं रिकामं करेपर्यंत सोडत नाही. गावठी कट्टाही बहुतेक एकबारी. पुंगळी हवी तर उघडून ओढून काढावी लागते. त्यामुळे घटनास्थळी पुंगळी सापडली नाही, हीसुद्धा माहिती असते. सापडली तर फारच. गोळी भिंतीत जाऊन चपटी होते, पुंगळी धड राहते. पिनेचा खड्डा, नखीचा ओरखडा, इजेक्टरचा ठोसा, मागच्या पोलादी पृष्ठभागाची छाप, असं त्या पिस्तुलाचं हस्ताक्षर ती अंगावर घेऊन पडते. कॅल्विन गोडार्डनं १९२९ मध्ये शिकागोच्या व्हॅलेंटाइन डे हत्याकांडातल्या पुंगळ्या जोड-सूक्ष्मदर्शकाखाली लावून दोन टॉमी गन वापरल्याचं दाखवलं, तेव्हापासून ही तपासणी जगभर रुजली. माझं मत विचाराल तर पिस्तुलाच्या या सगळ्या खटाटोपात बोलकी वस्तू ही एकच. गोळीचा मान मोठा, पण साक्षीला उभी राहते ती पुंगळी.

इतिहास (परीक्षेला नाही)

आपला या यंत्राशी संबंध जुना आहे. सावरकरांनी लंडनहून इंडिया हाउसमधल्या चतुर्भुज अमीन या स्वयंपाक्याबरोबर ट्रंकेच्या चोरकप्प्यातून वीस ब्राउनिंग पिस्तुलं हिंदुस्थानात पाठवली. २१ डिसेंबर १९०९ ला नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात ‘शारदा’च्या प्रयोगाला आलेल्या कलेक्टर जॅक्सनवर अनंत कान्हेरे यांनी गोळ्या झाडल्या, त्या खेपेतल्या पिस्तुलानं. १९ एप्रिल १९१० ला ठाण्याला कान्हेरे आणि त्यांचे साथीदार कर्वे व देशपांडे फाशी गेले आणि त्याच पिस्तुलांचा माग सावरकरांच्या खटल्यापर्यंत पोचला. तेव्हा ब्राउनिंगचं असं स्वतःच भरलं जाणारं पिस्तूल बाजारात येऊन जेमतेम दहा वर्षं झाली होती. इथले पोलीस अजून रिव्हॉल्व्हरवरच होते. या भागात विनोद करायचा नसतो.

प्रात्यक्षिक

पुंगळी प्रत्यक्ष उडताना पाहायची असेल तर बालेवाडीचं क्रीडासंकुल गाठावं आणि २५ मीटर पिस्तूलच्या स्पर्धेच्या दिवशी प्रेक्षकांत बसावं. १० मीटरला जाऊन उपयोग नाही, ती एअर पिस्तुलं, तिथे पुंगळीच नसते. २५ मीटरला .२२ चं पिस्तूल, मॅगझिनमध्ये पाच. महिलांच्या स्पर्धेत तीस गोळ्या सावकाश नेम धरून आणि तीस घाईच्या : सात सेकंद हात खाली, तीन सेकंदांत हात वर आणून एकच गोळी, पुन्हा सात सेकंद. कोल्हापूरची राही सरनोबत याच प्रकारात २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकली. थायलंडच्या स्पर्धकाशी बरोबरी झाली, मग एक शूट-ऑफ, त्यातही बरोबरी, मग दुसरा. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचं सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. तिच्या हाताकडे सगळे बघतात. तुम्ही हाताच्या उजवीकडे बघा. दर गोळीला पितळेचा एक बारीक ठिपका वर उडतो आणि खाली फरशीवर किणकिणतो. त्या स्लाइडनं एकदा आळस केला, पुंगळी खिडकीतच उभी अडकली, तर तीन सेकंद संपायला कितीसा वेळ लागतो? मनगट सैल सोडणाऱ्या नवख्यांच्या हातून असं पुष्कळदा होतं. पिस्तूलच हाताबरोबर मागे गेलं, तर स्लाइडला मागे जायला टेकू कोणाचा?

गणवेशातल्या लोकांची तऱ्हा निराळी. विश्रांतवाडी, कळस, दिघी या पट्ट्यात निवृत्त सुभेदार आणि हवालदार गल्लोगल्ली आहेत. त्यांना पुंगळी म्हटलेलं कळत नाही. “खोका म्हणा, साहेब.” (राजकारण मनात आणू नये.) फायरिंग झालं की रेंजवर वाकून सगळे खोके वेचायचे. जेवढे राउंड दिले तेवढे खोके मोजून परत आले पाहिजेत. एक कमी भरला तर अख्खी तुकडी गवतात ओणवी होऊन शोधते, ऊन असो की पाऊस. एनसीसीतून गेलेल्या प्रत्येकाला शेवटी रांगेत उभं राहून खिसे चाचपत म्हणायचं ते वाक्य आठवत असेल : माझ्याकडे राउंड, खोका किंवा त्याचा कुठलाही भाग नाही. ब्राउनिंगनं पुंगळी फेकायची सोय केली. ती उचलायची सोय अजून कोणी केलेली नाही.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*डावखुऱ्यांनी काय करावं?* बहुतेक पिस्तुलांची खिडकी उजवीकडे असते, त्यामुळे डावखुऱ्याच्या नाकासमोरून पितळ जातं. चष्मा लावावा.

*पुंगळी खरंच इतकी गरम असते का?* शेजारच्याची पुंगळी शर्टाच्या कॉलरमधून आत गेली, की माणूस भरलेलं पिस्तूल हातात असल्याचं विसरून नाचू लागतो. म्हणून रेंजवर गळ्यापर्यंत बटणं लावायला सांगतात. सांगतात ते ऐकावं.

*एखादी आठवण म्हणून घरी आणता येईल का?* नाही. आणि आणलीच, तर ती कुठल्या बॅगेच्या कुठल्या कप्प्यात टाकली ते निदान लक्षात ठेवावं. बॅगेत विसरलेल्या काडतुसामुळे विमानतळावर प्रवासी अडकल्याच्या बातम्या अधूनमधून येत असतात आणि लोहगावचा विमानतळ आपल्याला फार जवळ आहे. ती रिकामी आहे, उडून गेलेली आहे, शोकेसमध्ये ठेवायला आणली होती, हे सगळं तिथे सांगता येतं. ते लिहूनही घेतात. मग विचारतात, कुठल्या पिस्तुलातून उडाली? परवाना कोणाचा? बुडावर ‘के एफ’ आहे, म्हणजे खडकीची; तुम्ही राहायला कुठे?

विश्रांतवाडी, असं उत्तर दिल्यावर पुढचा फॉर्म येतो.